आग्वादचा किल्ला : कालचा तुरुंग, आजचे संग्रहालय

परतूर हे काही समुद्राकाठचे गाव नव्हे. दुधना नदीच्या खोऱ्यातल्या आमच्या या गावात अशी कितीतरी वडीलधारी मंडळी आहेत की ज्यांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. मग परतूरकरांनी गोव्याच्या किनाऱ्यावरील किल्ल्याची कहाणी वाचकांपुढे का मांडावी, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर दोन तारखांमध्ये आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा परतूर निझामाच्या राज्यात होते. येथे तिरंगा उघडपणे फडकण्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. गोव्यातील जनतेला तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, चौदा वर्षे आणि चार महिने थांबावे लागले. दोन्ही ठिकाणी जनतेने तुरुंग भरले, दोन्ही ठिकाणी अखेर भारतीय सैन्याला जावे लागले. ज्याला स्वातंत्र्य उशिरा मिळाले, त्याला दुसऱ्याच्या उशिराचे दुःख लवकर कळते. म्हणूनच ही कहाणी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरची मंडळी गोव्याला गेलो. बरोबर लहान मुले होती आणि ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रीही होत्या. मुलांना समुद्र पाहायचा होता. आम्हाला मात्र त्यांना एक तुरुंग दाखवायचा होता.

सीमेवर थांबलेली पावले

जालना, पुणे, कोल्हापूर आणि आंबोली घाटाने सावंतवाडी असा प्रवास करून आम्ही बांद्याच्या पुढे गोव्याच्या हद्दीत शिरलो. तेथे पत्रादेवी हे गाव लागते. रस्त्यालगत हुतात्मा स्मारक आहे. बहुतेक गाड्या न थांबता किनाऱ्याकडे धावतात. आम्ही गाडी थांबवली.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे त्या दिवशी मारली गेली. पंजाबचे कर्नेलसिंग येथेच पडले. मध्य प्रदेशातील सागरच्या सहोदराबाई राय हाती तिरंगा घेऊन पुढे झाल्या आणि त्यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या. पुढे याच सहोदराबाई सागरमधून लोकसभेवर निवडून गेल्या. आमच्या मुलीने विचारले, "त्या बाई गोव्याच्या होत्या का?" नव्हत्या. सत्याग्रहींमध्ये असे कितीतरी लोक होते की ज्यांचे गोव्यात कुणी नातेवाईक नव्हते, घर नव्हते, शेत नव्हते. दुसऱ्याच्या पायातील बेडी पाहून ज्याला स्वतःचा पाय दुखतो, तोच खरा स्वातंत्र्याचा पाईक, एवढेच आम्ही तिला सांगू शकलो.

पाण्याचे ठाणे

म्हापसा आणि कांदोळी ओलांडून आम्ही सिकेरीच्या टेकडीवर पोहोचलो. मांडवी नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, त्या मुखावरच्या टेकडीवर आग्वादचा किल्ला उभा आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांची राजधानी मांडवीच्या काठी, आत जुने गोवे येथे होती. ज्याच्या ताब्यात नदीचे मुख, त्याच्या ताब्यात राजधानीचा उंबरठा, असा तो हिशेब होता. १६०२ मध्ये डचांची व्यापारी कंपनी स्थापन झाली आणि मसाल्याच्या व्यापारात पोर्तुगीजांना तगडा प्रतिस्पर्धी निर्माण झाला. डच जहाजे गोव्याच्या तोंडाशी येऊन नाकेबंदी करू लागली. त्यांच्या धास्तीने १६०९ मध्ये या किल्ल्याचे काम सुरू झाले आणि १६१२ मध्ये ते पुरे झाले.

बांधकाम कोकणी जांभ्या दगडाचे. वरच्या भागाला खोल खंदक. तटावर ७९ तोफा होत्या, असे सांगतात. १७३९ मध्ये मराठ्यांनी बारदेशचा बहुतेक मुलूख घेतला, तरी आग्वाद आणि जवळचा रेइश मागुश हे दोन किल्ले पोर्तुगीजांकडेच राहिले.

परंतु या किल्ल्याचे खरे वैशिष्ट्य तोफांत नाही, पाण्यात आहे. 'आग्वा' म्हणजे पोर्तुगीज भाषेत पाणी, आणि 'आग्वाद' म्हणजे जहाजांनी पाणी भरून घेण्याचे ठिकाण. येथे गोड्या पाण्याचे झरे होते. वरच्या किल्ल्याच्या मधोमध जमिनीखाली सोळा खांबांवर तोललेले एक प्रचंड टाके आहे. त्यात सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावत असे. लिस्बनला परतणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात. महिनोन् महिने चारी बाजूंनी खारे पाणी असे, प्यायला मात्र पिंपांत भरून नेलेलेच पाणी. त्यासाठी हा सारा खटाटोप.

आमच्या भागातल्या माणसाला गॅलनचा हिशेब कळत नाही, टँकरचा मात्र चटकन कळतो. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर या टाक्यात सुमारे हजार टँकर पाणी मावेल. हे सांगताच आमच्या मातोश्री टाक्यापाशी खालीच बसल्या. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत ज्यांनी वर्षानुवर्षे घागरी मांडल्या, त्यांना तो आकडा ऐकून दुसरे काय होणार?

"येवढं पाणी साठवलं, कामून रे?" त्यांनी नातवाला विचारले.

"जहाजांसाठी, आजी."

"अन् गावच्या माणसायला?"

नातवाजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते. पाणी ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, ही गोष्ट आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आपल्याला ती शिकविली आहे. समुद्रावरच्या सत्तेचे रहस्यही असे एका टाक्यात साठवलेले होते.

टाक्याजवळच जुना दीपस्तंभ आहे. एकोणिसाव्या शतकात उभारलेला हा मनोरा रात्री जहाजांना वाट दाखवीत असे. १९७६ मध्ये त्याचे काम थांबले आणि नवा दीपस्तंभ वापरात आला. जुन्या गोव्यातील पडक्या ऑगस्टिनियन मठाची मोठी घंटाही काही काळ याच मनोऱ्यात होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली.

सालाझारचा तुरुंग

टेकडीवरून खाली उतरले की पाण्याच्या अगदी काठाला किल्ल्याचा दुसरा भाग लागतो. पूर्वी जहाजे येथे लागत. पुढे याच ठिकाणी तुरुंग झाला. ज्या भिंती शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारल्या होत्या, त्याच भिंती येथील माणसांना आत कोंडण्यासाठी वापरल्या गेल्या.

१९३२ मध्ये पोर्तुगालमध्ये सालाझार पंतप्रधान झाला आणि पुढे छत्तीस वर्षे त्याने हुकूमशाही चालवली. गोव्यात सभा घेण्यास बंदी होती, वृत्तपत्रांवर पहारा होता. आज घरात लग्न निघाले की आपण छापखान्यात जाऊन हवी तशी पत्रिका छापून घेतो. त्या काळच्या गोव्यात लग्नाची पत्रिका छापायलासुद्धा सरकारी परवानगी लागत असे. मग स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्याचे काय होत असेल?

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी मडगाव येथे बंदी मोडून सभा घेण्याचा प्रयत्न केला. दोघांना अटक झाली, परंतु लोकांच्या मनातील भीतीची गाठ त्या दिवशी सुटली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस लोहिया पुन्हा गोव्यात आले. त्यांना कुळे स्थानकावर पकडून आग्वादमध्ये काही दिवस डांबण्यात आले आणि नंतर हद्दीबाहेर घालवण्यात आले.

त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. ते घेतले जायला हवे. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. ते शिक्षणासाठी फ्रान्समध्ये राहिले आणि परत येऊन त्यांनी गोव्यात काँग्रेस समिती स्थापन केली. गोव्यातील गरीब कुणबी मजुरांना आसामच्या चहामळ्यांत नेऊन जे राबवले जात होते, त्याविरुद्धही त्यांनी आवाज उठवला. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी लढायचे, हे त्यांना नेमके माहीत होते. १९४६ मध्ये त्यांना अटक झाली आणि आग्वादच्या अंधाऱ्या, ओलसर कोठडीत ठेवण्यात आले. नंतर लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा देण्यात आली.

१९५५ च्या सत्याग्रहात महाराष्ट्रातील अनेक कार्यकर्त्यांनी गोव्याचा तुरुंगवास भोगला. १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली. जुलैमध्ये मधू लिमये गेले. या सत्याग्रहींना दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा झाल्या. आंतरराष्ट्रीय दडपण वाढल्यावर १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली. नॅशनल काँग्रेस गोवाच्या अध्यक्षा सुधाताई जोशी यांनाही १९५५ मध्ये म्हापसा येथे अटक झाली होती.

ही पुढाऱ्यांची नावे झाली. परंतु त्या कोठड्यांत शेतकरी होते, शिक्षक होते, मजूर होते, कोवळी मुले होती. त्यांच्या घरी चूल कशी पेटत होती, त्यांच्या बायकांनी लेकरांना काय सांगून निजवले, हे आपल्या पुस्तकांत फार थोडे सापडते.

समुद्रापलीकडचा दुसरा किल्ला

कुन्हांना आग्वादमध्येही ठेवणे सरकारला धोक्याचे वाटले. त्यांना आणि त्यांच्याबरोबर पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे आणि जुझे इनासियु लॉयोला यांना पोर्तुगालमध्ये नेण्यात आले. अटलांटिक महासागराच्या काठावरील पेनिश नावाच्या किल्ल्यात ते कैदी झाले. या समुद्रकिल्ल्यातून त्या समुद्रकिल्ल्यात! त्या किल्ल्यात सालाझारला विरोध करणारे पोर्तुगालमधील कामगार आणि लेखकही कैदेत होते. हुकूमशहाला आपले आणि परके असा भेद नसतो. तो दोघांनाही एकाच भिंतीआड ठेवतो.

कुन्हा पुढे पोर्तुगालमधून निसटले. १९५३ मध्ये पॅरिसमार्गे ते मुंबईत आले आणि तेथून त्यांनी लढा चालू ठेवला. मुक्त गोवा पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पेनिशच्या किल्ल्याचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली आणि तेथील राजकीय कैदी बाहेर आले. त्यानंतर चार दशकांनी, २०१६ मध्ये तेथील सरकारने हा किल्ला हॉटेलासाठी खासगी हातांत देण्याचा विचार केला. तेव्हा जुने कैदी आणि नागरिक उभे राहिले. आम्ही जेथे यातना भोगल्या, तेथे पाहुण्यांचे पलंग टाकू नका, असा त्यांचा आग्रह होता. सरकारला माघार घ्यावी लागली. आज तेथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याचा पहिला भाग २०१९ मध्ये उघडला आणि २७ एप्रिल २०२४ रोजी, कैद्यांच्या सुटकेला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, संपूर्ण संग्रहालय खुले झाले.

दार कसे उघडले

आग्वादचे दार उघडायलाही रक्त सांडावे लागले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले. मोहिमेच्या शेवटच्या टप्प्यात आग्वादमधील कैद्यांना सोडवण्यासाठी सातव्या घोडदळाची तुकडी पुढे गेली. त्या वेळी मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल यांना वीरमरण आले. दुसऱ्याच्या सुटकेसाठी ज्यांनी जीव दिला, त्यांची नावे त्या दारावरून जाताना तरी आठवावीत.

गोवा मुक्त झाला, तरी सारे कैदी मुक्त झाले नव्हते. सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले होते. त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या किल्ल्यात कोंडले होते. त्यांची सुटका १९६९ मध्ये झाली. म्हणजे गोव्यात तिरंगा फडकल्यानंतरही सात वर्षे गोव्यासाठी लढलेला माणूस अंधारात होता!

स्वातंत्र्यानंतरही आग्वाद तुरुंगच राहिला. गोव्याचे मध्यवर्ती कारागृह तेथेच होते. २०१५ मध्ये कैद्यांना कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवण्यात आले. त्यानंतर जुन्या इमारतींची डागडुजी झाली आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, संग्रहालयाच्या रूपाने तो तुरुंग लोकांसाठी खुला झाला. जवळचा रेइश मागुश किल्लाही असाच. १९९३ पर्यंत तो तुरुंग होता, २०१२ मध्ये डागडुजीनंतर तो पाहण्यासाठी उघडला. तेथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची चित्रे मांडलेली आहेत.

आग्वादच्या कोठड्यांतून आम्ही फिरलो. लोहिया आणि कुन्हा यांच्या स्मृती तेथे जपल्या आहेत. मुले सुरुवातीला धावत होती, पण एका कोठडीत शिरल्यावर आपोआप हळू बोलू लागली. बाहेर समुद्राचा आवाज येत होता. समुद्र इतका जवळ, आणि पाहता येऊ नये! आमचा नववीतला मुलगा दाराच्या आतल्या बाजूला जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, पुस्तकात एवढंच असतं की अमक्याला अटक झाली. अटक म्हणजे हे असतं, ते आज कळलं."

तुरुंगाच्या आवारात आता दुकाने आहेत, खाण्यापिण्याची ठिकाणे आहेत. किल्ल्याच्या बाहेरच्या तटालगत तर १९७४ पासून मोठे हॉटेल आहे. पर्यटकांनी यावे, खावे, छायाचित्रे काढावीत, याला आमची ना नाही. स्थानिकांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर चांगलेच आहे. परंतु जेथे माणसांनी उपास काढले, तेथे पोटभर जेवून उठताना कोठडीकडे एकदा तरी वळून पाहिले पाहिजे. नुसती रंगरंगोटी केल्याने तुरुंगाचे संग्रहालय होत नाही. आत शिरलेला माणूस बाहेर पडताना थोडा बदललेला असेल, तरच ते संग्रहालय. पेनिशच्या कैद्यांनी हाच मुद्दा धरून ठेवला होता.

आपल्या घरातील कोठडी

संध्याकाळी तटाच्या सावलीत बसलो असताना आमच्या मातोश्री अचानक बोलू लागल्या. रझाकारांच्या काळात त्या सात वर्षांच्या होत्या. दिवस मावळला की त्यांची आई घराला आतून कडी लावायची, दिवा विझवायची आणि लेकरांच्या तोंडावर हात ठेवायची. "रडायची पण चोरी व्हती," त्या म्हणाल्या. मग एके दिवशी गावात लोक रस्त्यावर आले. निझामाचे राज्य गेले असे कुणीतरी सांगितले. त्या रात्री त्यांच्या आईने पहिल्यांदा दिवा तसाच जळत ठेवला.

एवढीच ती आठवण. आम्ही त्यांच्या पोटी जन्मलो, त्यांच्या हातचे खाऊन मोठे झालो, आणि ही गोष्ट आजवर एकदाही ऐकली नव्हती.

"आधी कधी सांगितलं नाहीस?" आम्ही विचारले.

"तुमी कधी इचारलं?" त्या म्हणाल्या.

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनीच द्यायचे आहे. गोव्याच्या कैद्यांच्या वाट्याला निदान दगडी भिंती तरी आल्या. त्या भिंती टिकल्या म्हणून आज संग्रहालय झाले. आमच्या परतूरला असा समुद्रकिल्ला नाही. पूर्वी हा तालुका परभणी जिल्ह्यात होता, १ मे १९८१ पासून जालना जिल्ह्यात आला. कागदोपत्री एवढा इतिहास सापडतो. बाकीचा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांमागे बंद आहे. त्या कोठडीचे दार आतून उघडत नाही, बाहेरून कुणीतरी प्रश्न विचारावा लागतो. आणि ती माणसे एकेक करून चालली आहेत.

म्हणून आमची एक विनंती आहे. गोव्याला जाल तेव्हा किनाऱ्यावरून एक सकाळ काढून आग्वादच्या तुरुंगात मुलांना जरूर न्या. वाटेत पत्रादेवीला दहा मिनिटे थांबा. आणि गोव्याला जाणे झाले नाही, तरी या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. तेव्हा पाणी कुठून आणायचे? शाळेत कुठे बसवायचे? निझामाचे राज्य गेले त्या दिवशी घरात काय घडले? नाव, गाव, साल, जे आठवेल ते लिहून घ्या. बोली बदलू नका. जशी सांगतील तशीच उतरवा.

आमच्या घरी एक शंभर पानी वही आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर आमच्या मुलाने आजीचे नाव, गावाचे नाव आणि १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख लिहिली आहे. खाली एकच ओळ आहे : त्या रात्री दिवा विझवला नाही. पुढची पाने आता भरू लागली आहेत.